अकरांची नोंद, पाचांचा खेळ

महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे काम बहुतेक ठिकाणी मराठी विभागाकडे येते, तसे ते आमच्याकडेही आहे. कथा-कविता आणि विभागांचे अहवाल संपले की शेवटच्या पानांवर 'गुणवंत खेळाडू' असे एक कोष्टक असते : अनुक्रमांक, नाव, वर्ग, खेळ, स्तर. काही वर्षांपूर्वी या कोष्टकासाठी माहिती द्यायला एक विद्यार्थी आमच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्याजवळ दोन प्रमाणपत्रे होती. एक आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेचे आणि दुसरे फुटसालच्या एका स्पर्धेचे. 'खेळ' या रकान्यात एकाच शब्दाची जागा होती. "सर, फुटसाल लिहू का फुटबॉल?" असे त्याने विचारले. फुटसाल म्हणजे काय, हे आम्हांला तेव्हा नीटसे ठाऊक नव्हते. फुटबॉलचेच ते काही लहान रूप असावे, अशा समजुतीने आम्ही म्हणालो, "फुटबॉलच लिही, लोकांना कळेल." "मंग फुटबॉलच लिहितो," असे म्हणून तो गेला. अंक छापून झाला. त्याच्या दोन खेळांपैकी एकच खेळ कागदावर उरला.

घटना क्षुल्लक आहे, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु वाशीमसारख्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला नोंदीचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. वत्सगुल्म ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती, हे आज आमच्याकडचे शाळकरी मूलही सांगते. पण दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशीमला सापडला, तेव्हा कुठे या शाखेची ओळख इतिहासकारांना पक्की पटली. शाखा होती, राज्य होते, माणसे होती; त्यांची नोंद हाती नव्हती, एवढेच. पुढे इंग्रजी अमलात बासीम या नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. तो १९०५ साली मोडला, आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा होईपर्यंत इथल्या माणसाची ओळख कागदोपत्री 'जिल्हा अकोला' अशीच होत राहिली. त्या सगळ्या काळात इथल्या मुलाने जिल्हा संघातून काही खेळ केला असेल, तर तो अकोल्याच्या खात्यावर जमा आहे. तेव्हा कोष्टकातून एक शब्द गळणे म्हणजे काय, हे निदान आम्हांला तरी कळायला हवे होते. ते कळले नाही, म्हणून हा लेख.

फुटसाल हे फुटबॉलचे लहान रूप आहे, ही आमची समजूत बहुतेकांची असते. ती कितपत खरी, हे पाहण्यासाठी थोडा हिशेब करावा. आंतरराष्ट्रीय फुटबॉलचे मैदान साधारणपणे १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. त्यावर बावीस खेळाडू असतात, म्हणजे माणशी सुमारे ३२४ चौरस मीटर जागा येते. फुटसालचे मैदान ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. त्यावर दहा खेळाडू, माणशी ८० चौरस मीटर. याचा अर्थ असा की फुटसालच्या खेळाडूला फुटबॉलपटूच्या तुलनेत एक चतुर्थांशाहूनही कमी जागा मिळते. मोठ्या मैदानावर चेंडू पायात आला की मान वर करून पाहायला क्षणभर उसंत असते. लहान मैदानावर ती नसते. पाहणे चेंडू येण्यापूर्वीच उरकावे लागते. म्हणून तिथे धावण्याच्या दमापेक्षा पायाच्या तळव्याला, वळण्याला आणि फसवण्याला किंमत येते. चेंडूही आकाराने लहान असतो आणि मुद्दाम कमी उसळणारा केलेला असतो, त्यामुळे तो हवेत न जाता जमिनीलगत राहतो.

नियमही या जागेच्या हिशेबातूनच निघालेले आहेत. वीस-वीस मिनिटांची दोन सत्रे असतात, पण चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबते. खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, आणि बाहेर गेलेला पुन्हा आत येऊ शकतो. थांबलेला खेळ सुरू करायला चार सेकंद मिळतात. एका सत्रात संघाचे पाच अपराध मोजले गेले, की सहाव्यापासून प्रतिस्पर्ध्याला भिंत न उभारता थेट गोलावर मारायची संधी मिळते. जागा कमी आहे म्हणून धक्काबुक्कीने भागवून घ्यावे, या मोहाला घातलेला हा आळा आहे. असा खेळ केवळ आकसलेला फुटबॉल नव्हे. अभंग आणि ओवी यांचे नाते जवळचे असले तरी अभंगाला कोणी आखूड ओवी म्हणत नाही. त्यातलाच हा प्रकार.

या खेळाचा जन्मही जागेच्या टंचाईतूनच झाला. साल १९३०, गाव उरुग्वेची राजधानी मॉन्टेव्हिडिओ. १९२४ आणि १९२८ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके उरुग्वेने फुटबॉलमध्ये मिळवली होती, आणि १९३० साली पहिला विश्वचषक त्यांनी आपल्याच देशात भरवून जिंकला. गावातले प्रत्येक मूल चेंडूमागे धावू लागले, पण धावायला पुरेशी मैदाने नव्हती. तिथल्या वायएमसीए या संस्थेत शारीरिक शिक्षण देणाऱ्या हुआन कार्लोस सेरियानी यांनी मुलांना बास्केटबॉलच्या मैदानावर उतरवले. बास्केटबॉलपासून पाच खेळाडूंची संख्या आली, हँडबॉलपासून मैदान आणि गोलाची चौकट आली, वॉटर पोलोपासून गोलरक्षकाविषयीचे नियम आले, आणि पायाने खेळणे तेवढे फुटबॉलचे राहिले. एका शिक्षकाने चार खेळांची उसनवारी करून पाचवा खेळ उभा केला. खेळांच्या इतिहासात शिक्षकाचे हे स्थान लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण पुढे नागपूरलाही आपल्याला एक शिक्षकच भेटणार आहे.

उरुग्वेतून हा खेळ ब्राझीलमध्ये गेला आणि तिथे फोफावला. त्याचे मूळ नाव 'दिवाणखान्यातला फुटबॉल' अशा अर्थाचे होते. हा खेळ चालवणाऱ्यांनी १९७१ साली स्वतःचा आंतरराष्ट्रीय महासंघ काढला आणि १९८२ साली साओ पाउलोला जागतिक स्पर्धाही भरवली. फुटबॉलची जागतिक संघटना असलेल्या फिफाने 'फुटबॉल' या शब्दावर आपला हक्क सांगितला, तेव्हा दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून 'फुटसाल' हे नाव रूढ झाले. पुढे फिफाने हा खेळच आपल्या पंखाखाली घेतला आणि १९८९ साली नेदरलँड्समध्ये आपला पहिला जागतिक फुटसाल चषक घेतला. तो ब्राझीलने जिंकला. आशियाई अजिंक्यपद १९९९ पासून सुरू झाले. ते पहिले इराणने जिंकले, आणि त्यानंतरही या स्पर्धेवर सर्वाधिक वेळा त्यांचेच नाव कोरले गेले. स्त्रियांसाठी फिफाचा पहिला फुटसाल विश्वचषक भरायला मात्र २०२५ साल उजाडावे लागले. तो फिलिपिन्समध्ये झाला आणि ब्राझीलने जिंकला.

आता मोठ्या आणि लहान अशा दोन्ही मैदानांवर पाय ठेवणाऱ्या खेळाडूकडे वळू. या बाबतीत एक गमतीची विषमता आढळते. लहान मैदानावरून मोठ्या मैदानावर गेलेल्या खेळाडूंची नावे सर्वांना पाठ असतात. रोनाल्डिन्यो, नेमार यांच्या पायांतली जादू बालपणीच्या फुटसालमधून आली, हे क्रीडापानांवर पुनःपुन्हा छापून येते. म्हणजे फुटसाल ही जणू बालवाडी आणि फुटबॉल हे विद्यापीठ! उलट दिशेने गेलेल्या, किंवा जाऊन परत आलेल्या खेळाडूचे चरित्र सांगायला मात्र आपल्याकडे भाषाच नसते. तो 'मोठ्या फुटबॉलमध्ये टिकला नाही', एवढे एकच वाक्य त्याच्या वाट्याला येते.

आलेसांद्रो रोझा व्हिएरा, म्हणजेच फाल्काओ, हे त्याचे ठळक उदाहरण. १९७७ साली साओ पाउलोला जन्मलेला हा खेळाडू फुटसालच्या इतिहासातला सर्वांत विख्यात. २००४ आणि २००८ अशा दोन जागतिक स्पर्धांत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००८ आणि २०१२ साली ब्राझीलने विश्वचषक जिंकला, तेव्हा तो संघात होता. २००५ च्या प्रारंभी साओ पाउलो या मोठ्या फुटबॉल क्लबाने त्याला अकरांच्या संघात घेतले. वय सत्तावीस, कीर्ती शिखरावर. प्रशिक्षकांनी त्याला मोजक्याच सामन्यांत उतरवले. काही महिन्यांतच तो क्लब सोडून आपल्या पाचांच्या खेळाकडे परतला. त्याच वर्षी त्या क्लबाने दक्षिण अमेरिकेचा मानाचा चषक जिंकला. फुटबॉलच्या चष्म्यातून पाहिले तर ही अपयशाची आणि हुकलेल्या संधीची कथा आहे. फुटसालच्या चष्म्यातून पाहिले तर एक माणूस काही महिने परगावी जाऊन आला आणि मग आपल्या घरात तेरा वर्षे राज्य करता झाला. घटना त्याच, फक्त नोंद कोणत्या वहीत करायची एवढाच प्रश्न.

या फाल्काओचे पाय आपल्या देशालाही लागले आहेत. जुलै २०१६ मध्ये चेन्नई आणि गोवा इथे 'प्रीमियर फुटसाल' नावाची शहरांच्या संघांची एक झगमगीत स्पर्धा झाली. चेन्नईकडून फाल्काओ, मुंबईकडून रायन गिग्ज, गोव्याकडून रोनाल्डिन्यो, बंगळूरकडून पॉल स्कोल्स, कोलकात्याकडून हर्नान क्रेस्पो अशी मांडणी होती. प्रत्येक संघात भारतीय खेळाडूही होते. अंतिम सामन्यात मुंबईने कोचीला हरवले. जाहिरातफलकांवर नावे मात्र मोठ्या मैदानाच्या निवृत्त तारकांची होती. लहान मैदानाचा खरा सम्राट त्यांच्यात एक, तोही बहुतेक भारतीय प्रेक्षकांना अपरिचित. त्यानंतर दोनच महिन्यांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये, कोलंबियातील विश्वचषकात इराणने ब्राझीलला पेनल्टींवर हरवून स्पर्धेबाहेर काढले. फाल्काओचा तो शेवटचा विश्वचषक सामना. जिंकलेल्या इराणी खेळाडूंनी आपला आनंद बाजूला ठेवला आणि हरलेल्या संघातल्या फाल्काओला हातांवर उचलून हवेत झेलले. ते त्याच वहीतले होते. त्यांना तो कोण हे ठाऊक होते.

प्रीमियर फुटसालला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता नव्हती. महासंघाच्या दृष्टीने ती अधिकृत स्पर्धाच नव्हे. म्हणजे ज्या भारतीय मुलांनी जगातल्या नामांकितांबरोबर त्या मैदानावर घाम गाळला, त्यांच्या खात्यावर अधिकृतपणे काहीच जमा झाले नाही. महासंघाने आपली पहिली फुटसाल क्लब अजिंक्यपद स्पर्धा नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्लीत घेतली. दिल्ली एफसीने ती जिंकली. भाग घेणारे संघ बव्हंशी अकरांच्या फुटबॉलचेच होते. १८९१ साली स्थापन झालेला कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंगसारखा जुना क्लबही त्यांत होता. पुढे २०२३ साली भारताचा राष्ट्रीय फुटसाल संघ प्रथमच आंतरराष्ट्रीय सामने खेळला : आधी बहारीनशी मैत्रीचे सामने, मग ताजिकिस्तानात आशियाई चषकाची पात्रता फेरी. जानेवारी २०२५ मध्ये स्त्रियांचा संघ इंडोनेशियातील पात्रता फेरीत उतरला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कुवेतला पुरुष संघाने मंगोलियाला हरवून आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय नोंदवला.

म्हणजे फुटबॉल खेळणारा भारतीय खेळाडू आंतरराष्ट्रीय फुटसालही खेळतो, अशी कारकीर्द अधिकृत अर्थाने २०२३ पासूनच शक्य झाली. इराणशी तुलना केली तर आपण सुमारे तीन दशके मागे आहोत. परंतु 'अधिकृत' हा शब्द जरा बाजूला ठेवला, तर विदर्भाच्या मातीतली मुले लहान मैदानावर देशासाठी खेळू लागली ती त्याच्या सोळा वर्षे आधी. ती कथा नागपूरची आहे.

नागपूर परिसरात फुटबॉलची परंपरा जुनी. छावणीचे गाव असलेल्या कामठीत हा खेळ गल्लोगल्ली रुजला, आणि तिथला रब्बानी क्लब आजही नाव राखून आहे. परंतु आम्ही म्हणतो ती कथा क्लबांबाहेरची. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडा विषयाचे प्राध्यापक असलेल्या विजय बारसे यांनी पावसात झोपडपट्टीतली काही मुले तुटक्या बादलीला लाथाडत फुटबॉल खेळताना पाहिली. या प्रसंगातून २००१ च्या सुमारास 'झोपडपट्टी फुटबॉल' उभा राहिला, त्याचे पुढे 'स्लम सॉकर' झाले. २०१६ साली फिफाने या संस्थेला आपला विविधता पुरस्कार दिला. मॉन्टेव्हिडिओच्या शिक्षकाने मैदान नव्हते म्हणून खेळ बदलला. नागपूरच्या शिक्षकाने मैदान, चेंडू, बूट यांतले काहीच नव्हते, तरी खेळणारे होते हे ओळखले.

बेघरांसाठी भरणारा जागतिक फुटबॉल चषक २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ या गावी सुरू झाला. २००७ साली कोपनहेगन इथे झालेल्या स्पर्धेत स्लम सॉकरच्या मार्फत भारताचा संघ उतरला. हा खेळ फुटसालचा सख्खा भाऊ म्हणावा असा आहे. मैदान २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, प्रत्येक बाजूला चार खेळाडू, सात-सात मिनिटांची दोन सत्रे. माणशी जागा ४४ चौरस मीटर, म्हणजे फुटसालच्याही निम्म्याच्या आसपास. २०१० साली रिओ दी जानेरोला झालेल्या स्पर्धेत नागपूरचा अखिलेश पॉल भारतीय संघाचा कर्णधार होता. २०१४ साली 'सत्यमेव जयते' या दूरदर्शन मालिकेतून त्याची कहाणी घराघरांत पोचली.

या स्पर्धेचा एक नियम आम्हांला फार अस्वस्थ करतो. इथे खेळाडूला आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. नियमामागचा हेतू उदात्त आहे. दरवर्षी नव्या मुलांना संधी मिळावी, आणि बेघरपण हा कोणाचा कायमचा परिचय होऊ नये. पण त्याचा परिणाम असा, की या मुलांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द एका आठवड्यात सुरू होते आणि त्याच आठवड्यात संपते. फाल्काओ वीस वर्षे देशासाठी खेळला. नागपूरच्या वस्तीतला मुलगा सात दिवस खेळतो. परत आल्यावर तो पुन्हा अकरांच्या मैदानावर जातो, स्थानिक क्लबातून खेळतो, कोणी प्रशिक्षक होतो, कोणी खेळ सोडून पोटामागे लागतो. त्या सात दिवसांचे काय करायचे? ते फुटबॉलच्या वहीत बसत नाहीत, फुटसालच्या वहीतही बसत नाहीत.

नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट मार्च २०२२ मध्ये आला आणि ही कथा देशभर गेली. बारसे यांच्यावर बेतलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली. वस्तीतली मुले म्हणून नागपूरचीच मुले पडद्यावर आली. चित्रपटाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या माणसाला शिक्षकाचे नाव सांगता येते. २००७ च्या संघातल्या मुलांपैकी एकाचे तरी नाव सांगा म्हटले, तर विदर्भातला क्रीडारसिकही गप्प राहील. याउलट, मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारताने ४-२ असा विजय मिळवला, हे आजही कोणत्याही संदर्भग्रंथात सापडते. डिसोझाची योग्यता वादातीत आहे. प्रश्न एवढाच, की त्याची नोंद राहायला त्याच्या पायांइतकीच त्याच्या मैदानाची लांबी-रुंदीही कारणीभूत झाली नाही काय?

लहान मैदान म्हणजे लहान खेळ, असे मराठी माणसाने तरी म्हणू नये. आपल्या कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते, त्यावर चौदा खेळाडू. माणशी जेमतेम ९ चौरस मीटर. फुटसालची जागा त्यापुढे ऐसपैस वाटावी. तरीही कबड्डीला कोणी अपुऱ्या जागेतला खेळ म्हणत नाही, याचे कारण तिला लिहून ठेवणारे वेळेवर भेटले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात आणि बडोद्याला जाणत्यांनी बसून तिचे नियम निश्चित केले, ते छापले, स्पर्धांच्या नोंदी ठेवल्या. १९१४ साली अमरावतीत स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके केली, हे आपण अभिमानाने सांगतो. अमरावती वाशीमहून काही तासांच्या अंतरावर आहे. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डी पदकाचा खेळ झाली, तेव्हा त्या पदकामागे चढाई-पकडीइतकीच ही वह्या-कागदांची मेहनतही होती. मराठी वर्तमानपत्रांत वि. वि. करमरकरांसारख्या पत्रकाराने देशी खेळांना हक्काची जागा दिली, हेही या मेहनतीचाच भाग.

पाचांच्या फुटबॉलला आमच्या भागात असे कोणी अद्याप भेटलेले नाही. मानोऱ्यापासून रिसोडपर्यंत कुठेही पाहा. पावसाळ्यात काळ्या मातीचे मोठे मैदान चिखलात जाते, पोरे शाळेच्या फरसबंद पटांगणात येतात, दोन विटा इकडे, दोन विटा तिकडे ठेवून चार-चार, पाच-पाच जणांत खेळ सुरू होतो. शहरांतून तासाच्या भाड्याने मिळणारी कृत्रिम हिरवळीची 'टर्फ' आता जिल्ह्याच्या ठिकाणीही येऊ लागली आहेत. नियमांच्या भाषेत ते फुटसाल नव्हे, पण खेळणारे पाचच असतात. मुले प्रत्यक्षात खेळतात ते बहुतेक वेळा पाचांचे, आणि स्पर्धेला जातात ते अकरांच्या. सरावाला एक खेळ, प्रमाणपत्राला दुसरा. मोठ्या मैदानावर गेल्यावर आमची पोरे चेंडू उंच मारत नाहीत, पायाशीच ठेवतात, यावरून त्यांना बोल लावले जातात. तो दोष नसून त्यांची मातृभाषा आहे, असे आता आम्हांला वाटते. बोलीत बोलणाऱ्या विद्यार्थ्याला अशुद्ध बोलतो म्हणून गप्प करणाऱ्या मास्तरांविरुद्ध आम्हीच वर्गात तावातावाने बोलत असतो. आणि खेळाच्या बाबतीत मात्र नेमके त्या मास्तरांसारखे वागलो.

इतिहास हा थोरांनी घडवलेल्या घटनांचा असतो की लिहिणाऱ्यांनी उचललेल्या घटनांचा, हा वाद जुना आहे. तो इथे मिटवण्याचा आमचा आव नाही. पण विदर्भाच्या भूमीत त्याचे एक उत्तर सातशे वर्षांपूर्वीच मिळाले आहे. चक्रधरस्वामींच्या मागे म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या. ज्याने जे पाहिले, ऐकले, ते त्याच्याकडे जाऊन विचारून घेतले, आणि रिद्धपूरला बसून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. त्यात मोठे प्रसंग आहेत आणि क्षुल्लक वाटणारेही आहेत. कोणता क्षुल्लक, हे म्हाइंभटांनी स्वतःच्या अकलेने ठरवले नाही. सांगणाऱ्याने सांगितले ते लिहिले. मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून आम्ही तो दरवर्षी शिकवतो. शिकवताना हा गुण सांगतो. कोष्टक भरताना तो विसरलो.

तो विद्यार्थी पुढे कुठे गेला, अजून खेळतो की नाही, ते आम्हांला ठाऊक नाही. छापलेला अंक आता दुरुस्त करता येत नाही. यंदाच्या अंकासाठी मात्र आम्ही कोष्टकाचा कागद नव्याने आखला आहे. 'खेळ' हा रकाना रुंद केला असून त्याखाली दोन-तीन ओळींची जागा सोडली आहे. क्रीडाशिक्षकांना विनंती केली आहे, की जो मुलगा किंवा मुलगी जे जे खेळते ते सगळे, त्याच नावाने, तिच्याच तोंडून लिहून घ्यावे. आम्हांला नाव समजले नाही, तर आता आम्ही विचारू.